माझा मुलगा गाड्या तपासतो



'मी कोण होणार' हा निबंध मी नववीच्या वर्गाकडून दरवर्षी लिहून घेते. तुम्हीही घेत असाल. डॉक्टर, कलेक्टर, फौजी, पोलीस, शिक्षक ही ठरलेली उत्तरं येतात. आमच्या किनवट भागातल्या मुली अलीकडे नर्स असं लिहितात, कारण गोकुंद्याचं रुग्णालय त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण इतक्या वर्षांत 'मी गावोगाव फिरून लोकांच्या गाड्या तपासणार' असं एकाही लेकराने लिहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलानेही नाही. त्याने 'मी इंजिनिअर होणार' असं लिहिलं होतं, आणि मी त्याला दहापैकी आठ गुण दिले होते.

आज तो गाड्या तपासतो. पाठीवर एक सॅक, त्यात टॉर्च, चुंबक, टायरची खोली मोजायचं गेज, मल्टीमीटर, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा छोटा स्कॅनर आणि एक जुनी चादर. चादर गाडीखाली झोपायला लागते. मोटरसायकलवर निघतो. कधी बोधडी, कधी इस्लापूर, कधी माहूर, हिमायतनगर. ज्याला जुनी गाडी घ्यायची आहे त्याच्यासाठी तो ती आधी बघतो आणि काय दिसलं ते लिहून देतो.

खरं सांगते, पहिलं दीड वर्ष कुणी विचारलं की "मॅडम, मुलगा काय करतो?", तर मी म्हणायचे, "ऑटोमोबाईल क्षेत्रात आहे." एवढं बोलून विषय बदलायचे. पालकसभेत आपण व्यासपीठावरून सांगतो की कोणतंही काम हलकं नसतं. घरी आल्यावर ते वाक्य किती जड जातं, हे मला तेव्हा कळलं.

आता थोडं या कामाविषयी, कारण बऱ्याच पालकांचा इथे गोंधळ होतो. 'गाडी तपासणारा' म्हटलं की आपल्याला आरटीओचे साहेब आठवतात. ती सरकारी नोकरी वेगळी. त्या पदाचं नाव सहायक मोटार वाहन निरीक्षक, आणि भरती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. दहावीनंतर ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो. केंद्र सरकारने 1989 साली ठरवलेल्या पात्रतेत हलक्या आणि जड अशा दोन्ही गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमधला एक वर्षाचा अनुभव आहे, आणि मोटरसायकलपासून जड वाहनापर्यंतचं लायसन्सही आहे. हे लायसन्स एका दिवसात मिळत नाही. हलक्या गाडीचं लायसन्स काढून एक वर्ष झाल्याशिवाय व्यावसायिक गाडीचं शिकाऊ लायसन्ससुद्धा देत नाहीत, आणि वय 20 पूर्ण लागतं. ज्या पालकांच्या मनात हे पद आहे त्यांनी डिप्लोमा चालू असतानाच याचा हिशोब मांडावा. 2017 मध्ये आयोगाने या पदाच्या 833 जागांची जाहिरात काढली तेव्हा डिप्लोमावाल्या मुलांमध्ये केवढी धावपळ उडाली होती! माझा मुलगा तेव्हा नांदेडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुढच्या जाहिरातीच्या वेळी तो परीक्षेला बसला आणि पूर्व परीक्षेतच राहिला. मग करोना आला. मग तो घरी आला.

घरी बसलेल्या शिकलेल्या मुलाचं काय करायचं, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी अभ्यासिकेची फी भरली. यांनी (माझ्या मिस्टरांनी) शेतात बोलावलं. तो दोन्हीकडे गेला आणि दोन्हीकडून गप्प होऊन परत आला.

काम सुरू झालं ते विम्यातून. गाडीचा विमा वेळेवर भरला नाही आणि मध्ये खंड पडला, की पुन्हा विमा उतरवण्याआधी कंपनी गाडी प्रत्यक्ष बघायला माणूस पाठवते. नाहीतर ठोकलेली गाडी दाखवून उद्या कुणीही भरपाई मागेल. हा खंड 90 दिवसांच्या वर गेला तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सूटही बुडते, हे जाता जाता सांगते. आपल्यापैकी कितीतरी जणांची ती बुडालेली असते. तर नांदेडच्या एका एजन्सीला आमच्या बाजूला जाणारा माणूस हवा होता. शहरातून किनवटला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. एका गाडीमागे 150 रुपये, पेट्रोल ज्याचं त्याचं. मी मनात हिशोब केला आणि काही बोलले नाही. न बोलणंही मुलांना ऐकू येतं.

त्या कामातली एक गोष्ट मला आवडली होती. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा. आपण लहानपणी चार आण्याच्या नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना, तसंच. त्याच्या फायलीत असे ठसे असायचे. मी तो कागद वर्गात नेला. चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात. का नसतील, असं मी मुलांना विचारलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, तो उठून म्हणाला, "मॅडम, एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून." बरोबर होतं. त्या मुलाचे वडील काळीपिवळी चालवतात. त्या दिवसापासून तो माझ्या तासाला थोडा कमी बाहेर बघतो.

टायरचंही तसंच. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालातल्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. नववी-दहावीच्या मुलांना शाळेबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे आकडे टिपून आणायला सांगा, मग वयं काढा, सरासरी काढा. आमच्या शिक्षकांच्या मोटरसायकलींचे टायर मुलांनी तपासले तेव्हा स्टाफरूममध्ये चांगलीच खळबळ झाली. नक्षीची खोली कारला किमान 1.6 मिलिमीटर आणि दुचाकीला 0.8 लागते. एका सरांच्या मागच्या टायरवर मोजायला नक्षीच नव्हती.

विम्याच्या कामासाठी गावोगाव जाता जाता लोकच त्याला विचारू लागले. "भाऊ, आदिलाबादहून एक गाडी बघितलीय, घेऊ का?" हा आमच्या सीमेवरचा जुना प्रश्न आहे. आम्हाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ, आणि तिकडची गाडी कधी कधी स्वस्त मिळते. पण ती दुसऱ्या राज्याची. तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, 12 महिन्यांच्या वर गाडी इकडे ठेवायची तर इकडचा नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. हे सगळं धरलं की वीस हजारांची बचत कुठे जाते ते कळतही नाही. आरसीवर बँकेचा बोजा असतो तो वेगळाच. हप्ते फिटले तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. तो आपोआप उतरत नाही. कितीतरी लोक गाडीचा रंग बघतात, सीट कव्हर बघतात, गाणी वाजवून बघतात, आणि आरसीची मागची बाजू उलटून बघत नाहीत.

एकदा मी त्याच्याबरोबर गेले. रविवार होता, सारखणीला माझं काम होतं, म्हणून मागे बसले. एका शेतकऱ्याला जुनी जीप घ्यायची होती. मुलगा आल्या आल्या गाडीला हात लावत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. आधी दहा पावलं लांब उभा राहून तो नुसता बघतो. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, एक दार किंचित वेगळ्या छटेचं आहे का. मग चुंबक फिरवतो. पत्र्यावर चुंबक धरतं. जिथे पुट्टी भरून वरून रंग मारलाय तिथून ते घसरतं. मग बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो, कारण गाडी पुरात बुडाली असेल तर सगळं धुतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाचा गाळ राहतो. पैनगंगेकाठच्या माणसाला हे सांगायला नको. मग गाडी थंड असतानाच चालू करायला लावतो. धूर काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय, पांढरा आणि तो थांबतच नाही म्हणजे पाणी आत जातंय. "आधीच गरम करून ठेवलेली गाडी मी बघत नाही," असं तो त्या विकणाऱ्याला शांतपणे म्हणाला आणि अर्धा तास बाजेवर बसून राहिला. घरी पाच मिनिटं एका जागी न बसणारा मुलगा!

मीटरवर 62,000 किलोमीटर दिसत होते. क्लचच्या पेडलचं रबर मात्र लोखंडापर्यंत झिजलेलं होतं. त्याने ते मोबाईलवर टिपून घेतलं आणि शेतकऱ्याला सांगितलं, "मीटर आणि पेडल जुळत नाहीत. किती चालली ते मी सांगू शकत नाही, पण एवढीच चालली नाही." मला माझाच तास आठवला. वर्णन आणि मत यांतला फरक मी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवते. बघितलं ते डावीकडे, वाटलं ते उजवीकडे. रकाने न आखता तो तेच करत होता.

त्या दिवसानंतर मी 'ऑटोमोबाईल क्षेत्र' म्हणणं सोडलं.

पण जे सांगण्यासाठी आज लिहायला बसले ते पुढे आहे.

आमच्या शाळेत एक तरुण शिक्षण सेवक आले. मूळचे मुखेडकडचे. बायको मांडवी भागात एएनएम, घरात नऊ महिन्यांचं बाळ. पावसाळ्यात जंगलातल्या रस्त्याने ते लेकरू मोटरसायकलवर पुढे बांधून न्यायचे. त्यांना एखादी जुनी कार हवी होती. आमच्याच शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची कार विकायची होती, 2,60,000 ला सौदा ठरला. पतसंस्थेचं कर्ज काढायचं होतं आणि जामीन म्हणून एक सही माझी होती. तरुण सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलालाही एकदा दाखवू का? फी देतो मी."

मी हो म्हटलं. त्या सरांची गाडी, त्यात काय निघणार, असंच मला वाटलं.

हे ज्येष्ठ सर कोण, तर 2019 साली रात्री साडेअकराला यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा याच गाडीत घालून आम्हाला नांदेडपर्यंत नेणारे. पहाटेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले होते. माझ्या मुलाला आठवीत गणित त्यांनीच शिकवलं. आमच्या घरात त्यांचं स्थान तुम्ही समजू शकता.

मुलगा तपासून घरी आला. जेवला नाही. मोबाईलमधले फोटो पुढे-मागे करत बसला. मग मला दाखवलं. बॉनेटखाली, डाव्या बाजूच्या सांगाड्याला वेल्डिंग केलेलं होतं. कारखान्यातून आलेल्या गाडीला तिथे ओळीने गोल ठिपके असतात, इथे हाताने ओढलेली जाड रेघ होती आणि त्यावर काळा रंग. म्हणजे गाडी समोरून जोरात धडकलेली होती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. तो लागतच नव्हता. "एअरबॅग उघडून गेली असेल, पुन्हा बसवली नसेल, आणि दिवा काढून टाकला असेल," तो म्हणाला. "पण हे झालं माझं वाटणं. लिहिताना मी दिवा लागत नाही एवढंच लिहिणार." चारपैकी तीन टायर आठ वर्षांचे. बोजाही तसाच.

टायर आणि बोजा चालण्यासारखे होते. मी त्याला विचारलं, आणि कोणत्या शब्दांत विचारलं ते मला नीट आठवतं: "ती वेल्डिंगची ओळ गाळली तर नाही का चालणार? तोंडी सांगू आपण त्यांना. कागदावर कशाला?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने छापील फॉर्म आणि पेन माझ्यासमोर सरकवला. "आई, तूच लिही मग. खाली सही पण तूच कर."

आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं काय करावं, आणि त्याने ते माझ्यापुढे ठेवलं होतं. मी पेन हातात घेतलासुद्धा. ज्या हाताने जामिनाच्या कागदावर सही केली त्याच हाताने. डोळ्यांसमोर एकदा दवाखान्याची पायरी यायची आणि एकदा ते पुढे बांधलेलं लेकरू. मी पेन खाली ठेवला आणि कुकर लावायला उठले.

त्याने अहवाल लिहिला. चार ओळी वेल्डिंगवर, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी आधी ज्येष्ठ सरांकडे गेला आणि सांगितलं, "सर, मी हे लिहिलंय. त्यांना द्यायच्या आधी तुम्हाला दाखवायला आणलं." हे करायला मी सांगितलेलं नव्हतं. सरांनी कागद वाचला. म्हणाले, "जुन्या गाडीत एवढं असतंच रे. तू शिकला माझ्याकडेच ना?" तो म्हणाला, "हो सर." आणि निघून आला.

सौदा मोडला. तरुण सरांनी वर्षभर थांबून दुसरी, लहान गाडी घेतली. ती तपासायला माझाच मुलगा गेला, आणि त्याने त्यांच्याकडून फी घेतली. घेऊ नको असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

ज्येष्ठ सर माझ्याशी साडेचार महिने बोलले नाहीत. स्टाफरूममध्ये दोन गट पडले. "मॅडमच्या मुलाने सरांना खोटं पाडलं" असं एकीकडे, आणि दुसरीकडे नुसतं गप्प राहणं. एक बाई म्हणाल्या, "एवढं कडक राहून धंदा चालायचा नाही." खोटं नव्हतं ते, त्यानंतर दोन दलालांनी त्याला बोलावणं बंद केलं. पण माहूरकडून, हिमायतनगरकडून फोन वाढले. विकणाऱ्याच्या दारातून चिडून बाहेर काढलेला तपासणारा घेणाऱ्यांमध्ये लवकर माहीत होतो, हे गणित मला आधी सुचलं नव्हतं.

मध्यंतरी पाठाच्या तयारीसाठी वाचताना एक माहिती मिळाली. 1865 साली जर्मनीत मानहाइम गावच्या एका बिअरच्या कारखान्यातला वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलरवाल्या मालकांनी स्वतः पैसे घालून बॉयलर तपासणारी संस्था काढली. जर्मनीत आज गाड्या तपासणाऱ्या ज्या मोठ्या संस्था आहेत त्यांचं मूळ तिथे जातं. इंग्लंडमध्ये 1960 साली गाड्यांची सक्तीची तपासणी आली तेव्हा ती फक्त 10 वर्षांवरच्या गाड्यांना होती. काही वर्षांतच ती 3 वर्षांवर आणावी लागली. आपल्याकडे व्यावसायिक गाड्यांना ठरावीक मुदतीने पासिंग आहे. खाजगी गाडीला मात्र नोंदणीनंतर 15 वर्षं कुणी चुंबक लावत नाही. मधल्या काळात ती तीन हातांतून जाते, दोनदा ठोकली जाते, एकदा रंगवली जाते. मुलाला ती मानहाइमची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "मालकांनीच काढली? आपल्याकडे असे मालक दे मला."

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. 2011 च्या स्कूल बस नियमावलीप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. मुलाने मला सहज विचारलं, "तुमच्या समितीची बैठक कधी झाली शेवटची?" मी रजिस्टर काढलं. तारीख इथे लिहीत नाही. तुम्ही तुमचं काढून बघा. आमच्याकडे आता मुलांना आणणाऱ्या गाड्यांचे टायर आणि दारांच्या कड्या मुलंच दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बघतात आणि वहीत लिहितात. चालक सुरुवातीला हसायचे. एकाने गेल्या महिन्यात मुलांच्या आधी स्वतःच टायर बदलून आणला.

ज्येष्ठ सर आता बोलतात. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. चहा घेताना यांच्या तब्येतीची चौकशी करतात. गाडीचा विषय तेही काढत नाहीत, मीही काढत नाही. ती गाडी त्यांनी त्याच वर्षी दिवाळीत विकली. दलालामार्फत, दुसऱ्या तालुक्यात कुणाला तरी. तपासणी झाली नव्हती.

मला तिचा नंबर पाठ आहे. त्या रात्री नांदेडच्या दवाखान्यात पार्किंगच्या पावतीवर मीच लिहून दिला होता. बाजारच्या दिवशी रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या असतात. त्या रंगाची दिसली की मी जवळ जाऊन मागची पाटी वाचते.